शनिवारी परसात, काहीही न तोडता

शब्बाथच्या दिवशी फूल तोडायचं नाही. फांदी हलवायची नाही, झाडावर चढायचं नाही, रोपाला पाणी घालायचं नाही. फुलपाखरू बाटलीत धरायचं नाही, पाहिलेलं वहीत लिहायचं नाही आणि फोनवर फोटोही काढायचा नाही. एवढं ऐकल्यावर घरातलं दहा वर्षांचं पोर विचारणारच, ‘मग परसात जाऊन करायचं काय?’

बघायचं. पक्षी बघायला शिकवणारा कुठलाही जाणता माणूस नवख्याला पहिल्या दिवशी हेच बजावतो: हात लावू नकोस, पाठलाग करू नकोस, आधी डोळे वापर, कॅमेरा मग. शब्बाथ पाळणाऱ्या घरांत हे नियम आयतेच लागू असतात. तेव्हा वसंतातला शनिवार परसातल्या जिवांसोबत घालवायचा असेल तर या नियमांतून पळवाटा शोधत बसू नका. ते जसेच्या तसे वापरा.

कोकणात ही रीत जुनी आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा, मुरुड या पट्ट्यातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घाणा बंद म्हणजे बैलालाही सुट्टी. दहा आज्ञांतली शब्बाथची आज्ञा घरातल्या माणसांबरोबर गुराढोरांनाही विसावा द्यायला सांगते. त्या दिवशी गोठ्याबाहेर बांधलेला, निवांत रवंथ करणारा बैल आणि त्याच्या पाठीवर बसलेला बगळा या घरांतल्या पोरांनी पिढ्यानपिढ्या पाहिला असणार.

आता घाणे नाहीत. बरीचशी कुटुंबं इस्रायलला गेली, राहिलेली बहुतेक मुंबई-ठाण्यात फ्लॅटमध्ये राहतात. पण गावी अजून वाडी असेल, चुलत्याचं घर असेल, नाहीतर सोसायटीच्या मागे चार झाडं तरी असतील. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पुण्यात औंधला स्पायसर विद्यापीठाच्या आसपास राहणारी अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती कुटुंबंही शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. तोडण्या-लिहिण्याचे नियम त्यांच्याकडे वेगळे असले तरी इथलं बरंचसं त्यांनाही उपयोगी पडेल.

आधी ऋतूबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो. वसंत म्हटला की हिरव्या कुरणावर रंगीत फुलं पसरलेली, असं जे चित्र पुस्तकांत दिसतं ते आपल्याकडचं नव्हे. आपली जमिनीवरची फुलं पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला येतात. कासचं पठार बघायला लोक सप्टेंबरात जातात ते त्यामुळेच. फाल्गुन-चैत्रात जमीन पिवळी पडलेली असते आणि वसंत झाडावर चढून बसलेला असतो. काटेसावर आणि पांगारा फेब्रुवारीपासून लाल झालेले असतात, मागोमाग पळस आणि करंज. करंजाची फिकट गुलाबी फुलं इतकी झडतात की झाडाखाली चुरमुरे सांडल्यासारखे वाटतात. कुसुंबाला फुलं कोण विचारतो? त्याची कोवळी पानंच लालभडक असतात. एप्रिलात रानाच्या कडेला कुडा पांढरा होतो. तेव्हा मुलांना पहिली सूचना द्यायची ती मान वर करण्याची.

जमिनीवर काहीच नाही असंही नाही. परसातली सर्वांत श्रीमंत जागा शोधायची असेल तर न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे जा. सगळं आवार वाळलेलं असताना तिथे माका पांढरी बारीक फुलं घेऊन उभा असतो, अंबोशीची पिवळी फुलं असतात, मंडूकपर्णी पसरलेली असते. कोरड्या बाजूला एकदांडी, घाणेरी, रुई, पिवळा धोतरा, काटेरिंगणीची जांभळी फुलं. यांना आपण तण म्हणतो आणि सुट्टीच्या दिवशी खुरपं घेऊन उपटतो. निदान वसंतात एक कोपरा राखून ठेवा. एकदांडीचं फूल नखाएवढं असतं, पण सकाळी अकरा वाजता त्याच्यावर जेवढी फुलपाखरं येतात तेवढी नर्सरीतून आणलेल्या महागड्या झुडपावर येत नाहीत, हे मी पैजेवर सांगतो.

खरं काम शुक्रवारचं. शनिवारी काहीच करायचं नसल्यामुळे जे करायचं ते दिवा लावण्याआधी उरकलं पाहिजे. मार्चअखेरीस अलिबाग-मुंबईकडे सूर्यास्त पावणेसातनंतर होतो. म्हणजे सहापर्यंत हात मोकळे झाले पाहिजेत.

सर्वांत आधी पाणी. मातीचं पसरट परळ घ्या, दोन बोटांपेक्षा खोल नको. आत एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे चिमणीएवढ्या पाखराला पाय टेकता येतो आणि मधमाशीही बुडत नाही. जुनं पाणी ओतून, काथ्याने घासून नवं भरा, नाहीतर डासांची पैदास तुमच्याच घरी. परळ सावलीत ठेवा, कारण उन्हात ते शनिवारी दुपारीच कोरडं पडेल. झुडपाच्या अगदी आत ठेवू नका, तिथे मांजर दबा धरते. अगदी उघड्यावरही नको, पाखरांना तिथे भीती वाटते. झुडपापासून चार-पाच हातांवर जागा निवडा आणि ओटीवरून ती नीट दिसते ना, हे आधी बसून बघा.

शुक्रवारीच का, त्यालाही धर्माचा आधार आहे. शब्बाथला आपल्यावर अवलंबून असलेल्या जनावरांना, म्हणजे कोंबड्या, गाई, कुत्रं यांना खायला-प्यायला घालायचंच. पण जे आपलं पोट आपण भरतात त्या रानच्या पाखरांसाठी त्या दिवशी कष्ट घ्यायचे नाहीत, असा जुना दंडक आहे. मला तो शहाणपणाचा वाटतो. पाखरांना पाणी हवं असतं, आपल्या डब्यातली शेव नको असते. खायला ठेवायचंच असेल तर शुक्रवारी पिकलेल्या पपईची किंवा केळ्याची फोड ठेवा. बुलबुल आणि तांबट तिच्यावर येतील. पेसाखच्या, म्हणजे वल्हांडणाच्या, आठवड्यात मात्र पावाचा तुकडा पाखरालाही घालायचा नाही. खमिराचा पदार्थ त्या दिवसांत जनावराच्याही तोंडी जाऊ द्यायचा नसतो.

झाडांना पाणीही शुक्रवारी संध्याकाळीच, भरपूर. कुंड्या उन्हात असतील तर तेव्हाच सावलीत सरकवा. मातीत रुजलेलं रोप शनिवारी जागेवरून हलवायचं नसतं, आणि गच्चीतली कुंडीही त्यात आली. बकुळीचं झाड असेल तर पडलेली फुलं शुक्रवारीच वेचून वाटीत ठेवा. शनिवारी जमिनीवर सडा पडला तरी तो वेचायचा नाही, कारण पडलेलं गोळा करणंही कामातच जमा आहे. वाटीतली बकुळ सुकली तरी वास सोडत नाही, त्यामुळे काही बिघडत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. शब्बाथचा दिवा, मग तो पेल्यात पाणी आणि खोबरेल घालून केलेला असो की मेणबत्ती, उघड्या खिडकीजवळ ठेवू नका. वसंतात पतंग आणि पाकोळ्या रात्री दिव्यावर येतात, आणि दिवा विझवता किंवा हलवता तर येत नाही. आतल्या भिंतीशी ठेवलात तर सगळ्यांचंच भलं.

शनिवारी सकाळी सर्वांत लवकर उठणाऱ्याला दयाळ ऐकू येतो. काळा-पांढरा, शेपटी वर उचलणारा हा पक्षी हिवाळाभर गप्प असतो. मार्चपासून तो उजाडायच्या आधीच नारळाच्या शेंड्यावर किंवा विजेच्या तारेवर बसून गायला लागतो, दुसऱ्यांच्या आवाजांची नक्कलही मधेमधे पेरतो. आजी-आजोबा तसेही पहाटे उठतात. एका नातवाला सोबत उठवा. सगळ्यांना उठवू नका, नाहीतर भांडणं ऐकू येतील आणि दयाळ नाही.

सिनेगॉगला जायचं असेल तर वाटेवरही बघता येतं. तिथे मात्र हातात काही न्यायचं नाही. घराच्या कुंपणाआत गळ्यात दुर्बीण अडकवणं आणि ती सार्वजनिक रस्त्यावर नेणं, यांत फरक आहे. अंगण चार बिऱ्हाडांचं सामायिक असेल तर आपल्याकडच्या जाणत्याला एकदा विचारून ठेवा. गावाच्या वस्तीबाहेर दोन हजार हातांपलीकडे चालू नये असाही नियम आहे. दोन हजार हात म्हणजे साधारण एक किलोमीटर. पण परसातच दिवस पुरत नाही, तेव्हा त्याची अडचण कुणाला भासू नये.

न्याहारीनंतर पोरांना एक-एक झाड नेमून द्या. सगळ्यांनी सगळीकडे धावायचं नाही. एकाला लिंबू, एकाला रुई, एकाला नारळ.

लिंबू किंवा कढीपत्ता मिळालेल्याने पानं वरून-खालून बघावी, तीही पान न मुरगाळता. पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं तपकिरी-पांढरं काही दिसलं तर घाईने तोंड वाकडं करू नका. ती फुलपाखराची लहान अळी असू शकते. हे सोंग घेतल्यामुळे पाखरं तिला टिपत नाहीत. मोठी झाली की तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं ब्लू मॉर्मन, ते मोठं काळं, निळ्या पट्ट्यांचं फुलपाखरूही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर अंडी घालतं. असं राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं. कढीपत्त्याची पानं खाल्ली म्हणून अळी मारणाऱ्या गृहिणीला हे सांगून बघावं. ऐकेलच असं नाही.

रुईवाल्याला काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेली अळी सापडेल. ती लपत नाही, उलट मिरवते. रुईच्या चिकातलं विष तिच्या अंगात उतरलेलं असतं आणि ते रंग म्हणजे पाखरांना दिलेली ताकीद असते. तिचंच पुढे केशरी फुलपाखरू होतं. मुलांना सांगा की रुईचा चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. शनिवारी पान तोडायचं नसल्यामुळे ती भीती तशीही कमीच.

नारळवाल्याला खार मिळेल. तिच्या पाठीवरचे पांढरे पट्टे मोजायला लावा. तीन असतील तर एक जात, पाच असतील तर दुसरी. खार क्षणभर थांबते न थांबते तोच मोजायचं असतं, आणि दोन भावंडांचं उत्तर कधी जुळत नाही. यात अर्धा तास सहज जातो.

घराच्या वळचणीला, दोरीवर, नाहीतर जुन्या तारेच्या टोकाला कचरा लोंबतोय असं वाटलं तर थांबून बघा. शिंजिराची मादी कोळिष्टकांनी काड्या-पानं बांधून असंच घरटं विणते, वर दाराला छोटं छप्परही काढते. नर जांभळा-काळा, चकचकीत. घरट्याच्या कामात तो फारसा हातभार लावत नाही, जवळपास बसून गात मात्र असतो. यावर घरातल्या बायका जे बोलतील ते मी इथे लिहीत नाही. शिंप्याचं घरटं शोधणं जास्त कठीण. तो मोठ्या पानाच्या कडा टाके घालून शिवतो आणि आत कापूस भरतो. काटेसावरीची बोंडं एप्रिलात फुटतात तेव्हा हा कापूस सगळीकडे उडत असतो, तोच त्याच्या कामी येतो. घरटं सापडलं तर दहा पावलं मागे या आणि तिथूनच बघा. जवळ घुटमळलात की कावळ्याला पत्ता लागतो.

आंब्यावर पानं एकमेकांना चिकटवून केलेले ओंबिलांचे गोळे दिसतील. कामकरी मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून, त्यांच्या रेशमाने त्या कडा सांधतात. बघण्यासारखं आहे, पण खोडाला टेकून नको. झाडाला रेलू नका हा शब्बाथचा नियम इथे का आवडतो, ते एकदा ओंबील चावली की कळतं.

जेवण बाहेर करायचं असेल तर चटई अंगणात किंवा ओटीवर घाला, हिरवळीवर नको. हात धुताना, पेला कलंडताना पाणी गवताला जातं आणि ते झाडाला पाणी घालण्यासारखंच, म्हणून जुन्या जाणत्यांनी बागेत जेवणं टाळायला सांगितलंय. शुक्रवारी करून ठेवलेला स्वयंपाक तसाही गरम नसतो, सावलीत चांगला लागतो. दुपारी बारा ते चार पाखरंही गप्प होतात. अपवाद तांबटाचा. तो उन्हातही तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखा ‘टुक टुक’ करत राहतो. बाकीच्यांनी आडवं व्हावं. ज्याला झोप येत नाही त्याने ओटीवरून पाण्याच्या परळावर नजर ठेवावी. भर उन्हात सर्वांत जास्त गिऱ्हाईक तिथेच येतं.

याच वेळी मोठ्यांपैकी कुणी स्तोत्र 104 वाचून दाखवावं. त्यात करकोचा आहे, रानगाढवं आहेत, डोंगरातल्या बकऱ्या आहेत, सिंह आहे, समुद्र आहे. मुलांनी यातला कुठला जीव आपल्याकडे असतो आणि कुठला नसतो ते सांगावं. पेसाखच्या आठवड्यातला शब्बाथ असेल तर गीतरत्न वाचण्याची रीत आहे, आणि ते पुस्तक तर वसंतातल्या बागेतच घडतं.

फुलांचा वास घ्यायला हरकत नाही. मोगरा झाडावर असताना त्याच्याकडे नाक नेलं तरी चालतं, सुवासाचा आशीर्वादही म्हणावा. झाडावरच्या पिकल्या फळाचा वास मात्र घ्यायचा नाही, कारण वास आला की हात जातो आणि हात गेला की फळ तुटतं. हा नियम करणाऱ्यांना माणूस चांगला ठाऊक होता.

पेसाखच्या निसान या हिब्रू महिन्यात आणखी एक करण्यासारखं आहे. फुललेली फळझाडं पाहिली की वर्षातून एकदा म्हणायचा आशीर्वाद असतो. किमान दोन झाडं असावीत असं मानतात. तो शब्बाथला म्हणू नये असं काही परंपरा सांगतात, म्हणून शुक्रवारी किंवा रविवारी म्हणा आणि शनिवारी झाडं हेरून ठेवा. आंब्याचा मोहोर तोवर संपून कैऱ्या लागलेल्या असतात. पण जांभूळ मार्च-एप्रिलात फुलतं. त्याची फुलं बारीक, मळकट पांढरी, लांबून दिसतही नाहीत. झाड शोधायचं ते कानाने, मधमाश्यांच्या गुणगुणाटावरून.

मधमाश्यांवरून सावधगिरीचं सांगतो. आग्या मोहोळाच्या खाली बस्तान मांडू नका. पोरांच्या पायांत चपला नव्हे, बूट असू द्या. लाकडांच्या ढिगात, पालापाचोळ्यात हात घालायचा नाही. या दिवसांत सापही बाहेर असतात. साप दिसला तर लांब उभं राहून त्याला जाऊ द्यावं. घरात शिरला, माणसाला धोका वाटला, तर सर्पमित्राला खुशाल फोन करा. दंश झाला तर लगेच गाडी काढून सरकारी रुग्णालय गाठा. बांधू नका, कापू नका, मंत्र घालत बसू नका. जिवावर बेतलं की शब्बाथचे नियम बाजूला ठेवायचे, हाही धर्मच आहे.

फ्लॅटवाल्यांनी निराश होऊ नये. बाल्कनीत कढीपत्ता, लिंबू आणि सदाफुली एवढ्या तीन कुंड्या आणि एक पाण्याचं परळ पुरतं. ठाण्यासारख्या शहरातही रस्त्याकडेचा पिंपळ किंवा गुलमोहर चौथ्या मजल्यावरून बघायला मिळतो, आणि पाखरांना पाठीवरून बघण्याची ही संधी गावच्या घरात मिळत नाही.

इस्रायलमध्ये दिमोना, बीरशेबा, अश्दोदला राहणाऱ्या आपल्या मराठी नातेवाइकांचा वसंत मात्र खरोखर जमिनीवर असतो. फेब्रुवारीत उत्तर नेगेवमध्ये कलनीत नावाची लाल रानफुलं फुलतात आणि शनिवारी ती बघायला गाड्यांची रांग लागते. एके काळी तिथे लोक रानफुलांचे भारे तोडून आणत. 1953 साली स्थापन झालेल्या तिथल्या निसर्गरक्षण संस्थेने 1960च्या दशकात ‘बघा, तोडू नका’ अशा अर्थाची मोहीम चालवली, कायद्याचीही जोड मिळाली, आणि एका पिढीत सवय बदलली. शाळकरी मुलांनी घरच्या मोठ्यांना टोकलं, हे त्यातलं मोठं कारण. फोनवर बोलणं होईल तेव्हा त्यांच्याकडे काय फुललंय ते विचारा, शब्बाथ सुटल्यावर.

शब्बाथ सुटला हे ठरवायलाही आकाशाकडेच बघावं लागतं. मध्यम तेजाचे तीन तारे दिसले की रात्र झाली असं मानतात. मुलांना गच्चीवर पाठवा. मार्चअखेरीस पहिला दिसणारा तारा बहुधा व्याध असतो, पण फार ठळक तारे यात धरत नाहीत, त्यामुळे तो दिसताच ओरडणाऱ्याला परत बसवा. मृगातले आणि आजूबाजूचे मध्यम तेजाचे तारे दिसू द्या. मग शब्बाथला निरोप देणाऱ्या हवदालाच्या वेळी सुवासासाठी शुक्रवारी वेचलेली बकुळ किंवा आता तोडलेली सब्जाची डहाळी घ्या.

त्यानंतर वही उघडा. दिवसभर लिहायचं नसल्यामुळे प्रत्येकाने पाच गोष्टी बोटांवर धरून ठेवायच्या असं सकाळीच ठरवलेलं असू द्या. आता प्रत्येकाने आपल्या पाच सांगायच्या, एकाने लिहायच्या. नावं अडली तर रविवारी पुस्तक बघा. अलिबागजवळच्या किहीमवरून आलेलं आडनाव लावणारे आयझॅक किहीमकर यांनी भारतातल्या फुलपाखरांवर आणि रानफुलांवर लिहिलेली, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) काढलेली पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण चित्रं बघायला भाषा लागत नाही. किहीमशी दुसरंही एक मोठं नाव जोडलेलं आहे. सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा आपला गाजलेला अभ्यास तिथेच केला.

वहीत तारीख लिहिताना हिब्रू तारखेबरोबर इंग्रजीही लिहा. हिब्रू वर्षात एकोणीस वर्षांतून सात वेळा एक महिना जास्तीचा येतो, त्यामुळे पेसाख मागेपुढे होतो. 2026 मध्ये तो 1 एप्रिलच्या संध्याकाळी सुरू होतो, 2027 मध्ये 21 एप्रिलच्या. झाडांना हा हिशेब ठाऊक नाही. 2026च्या पेसाखला जांभळीवर मधमाश्या सापडतील, तर 2027च्या पेसाखला त्याच झाडावर कदाचित हिरवी फळं धरलेली असतील आणि आशीर्वादासाठी पेरू किंवा चिकूचं फुललेलं झाड शोधावं लागेल.